भीतीपोटी घेतलेली जुनी हॅचबॅक : पाच वर्षांनंतरचा अभिप्राय

गाडी विकायला काढलेल्या माणसाने गाडीचा अभिप्राय लिहू नये, हे मला कळतं. म्हणून कंपनी आणि मॉडेल, दोन्हींची नावं लिहीत नाही. २०१३ सालची, पेट्रोलवर चालणारी, हजार सीसीच्या आतली, लाल रंगाची पाच दारांची हॅचबॅक, एवढं पुरे. अशा गाड्या चार-पाच कंपन्या काढायच्या आणि पाच वर्षांच्या अनुभवाने सांगतो, त्यांच्यात उणंदुणं काढायला फारसा वाव नाही. जुलै २०२० मध्ये कार बाजारातून दोन लाख पंधरा हजारांना घेतली तेव्हा एक्केचाळीस हजार किलोमीटर चाललेली होती. पहिला मालक, रंग मूळचा, एका दारावर ओरखडा.

आता खरी गोष्ट. गाडी आवडली म्हणून मी ती घेतली नाही. एसटीत बसायची भीती वाटत होती म्हणून घेतली.

हे लिहायला जरा लाज वाटते, कारण मी तेहेतीस वर्षं एका सरकारी विमा कंपनीत काढली आणि त्यातली बावीस मोटार अपघातांच्या थर्ड पार्टी दाव्यांच्या टेबलावर. एफआयआर, स्पॉट पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मयताचा पगाराचा दाखला, वारसांची यादी, हा माझा रोजचा कागद. सरला वर्मा खटल्याच्या २००९ च्या निकालानंतर नुकसानभरपाईसाठी वयानुसार गुणक ठरला, म्हणजे मयताच्या वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणायचं तो आकडा. तो तक्ता मला अजून पाठ आहे. पंचविशीपर्यंत १८, पंचेचाळीसपर्यंत १४, एकसष्ट ते पासष्ट ७. म्हणजे गाडी घेतली तेव्हा मी स्वतः सातच्या रकान्यात होतो. रस्त्यावर माणूस किती सहज मरतो हे आमच्या सोसायटीत माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल. आणि तरी मी, एकसष्टाव्या वर्षी, ज्याने त्याआधी सहा वर्षांत फारतर नातेवाइकांची गाडी पार्किंगमधून बाहेर काढली होती, त्याने ऐन श्रावणात साडेतीनशे किलोमीटर स्वतः गाडी चालवत गावी जायचं ठरवलं. असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी चष्मा काढून अर्जदाराकडे पाहिलं असतं.

पण तेव्हाचे दिवस आठवा. गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजा तालुक्यात, गावी शहाऐंशी वर्षांची आई, आणि मला पंधरा वर्षांचा मधुमेह. सरकारचा नियम असा की, चाकरमान्यांनी १२ ऑगस्टपर्यंत गावी पोचायचं आणि दहा दिवस विलगीकरणात राहायचं. त्यानंतर निघालात तर आधी स्वॅब द्या. एसटीने जाणाऱ्यांना ई-पास लागणार नव्हता, खासगी गाडीला लागणार होता. म्हणजे सरकारनेच सांगितलं होतं की, एसटीने जाणं सोपं आहे. चव्वेचाळीस आसनांच्या गाडीत बावीस माणसं, एकाआड एक. ठाण्याच्या खोपट डेपोतून आमच्या बाजूच्या गाड्या सुटत होत्या. माझ्या चुलतभावाने ग्रुप बुकिंगमध्ये आम्हां तिघांची नावं घातली होती आणि मी ती काढायला लावली.

का, तर शेजारी कोण बसेल हे माहीत नाही. दुसरं कारण नव्हतं. माझ्या डोक्यात रोगाला चेहरा होता आणि तो अनोळखी माणसाचा होता. एसटीतला तो एकविसावा प्रवासी, नाकाखाली मास्क घेतलेला, वडखळला वडा खायला उतरणारा आणि परत येऊन शिंकणारा. हा माणूस मी प्रत्यक्षात कधी पाहिला नाही, पण दोन लाख पंधरा हजार रुपये मी त्याच्यासाठी मोजले.

ई-पास दुसऱ्या अर्जाला मिळाला. पहिला का नाकारला ते कळलं नाही. १० तारखेला पहाटे साडेचारला निघालो. गाडीत तिघंच: मी, ही आणि मुलगा. मुलाकडे लायसन्स होतं, हात बसलेला नव्हता. ही मागे, मांडीवर थर्मास, घावनांचा डबा, सॅनिटायझरचा पाच लिटरचा कॅन पायाशी. वाटेत कुठेही उतरायचं नाही, असा तिचा हुकूम होता.

गाडीबद्दल आता सांगतो. इंजिन तीन सिलिंडरचं, थंड असताना घरघरतं, तापलं की गुमान चालतं. तीन माणसं आणि सामान घेऊन कशेडी घाट दुसऱ्या गिअरवर चढते, मध्ये ट्रक आला तर पहिल्यावर यावं लागतं, त्यात कमीपणा मानू नये. ब्रेक चांगले. पुढच्या सीट पाठीला बऱ्या, मागच्या सीटवर दोन तासांनी कंबर बोलते. डिकीत दोन बॅगा आणि एक पोतं, त्यापलीकडे काही नाही. खालून मात्र गाडी बुटकी आहे. कोकणातल्या वाडीच्या पाखाडीला, म्हणजे दगडी चढणीच्या वाटेला, लागली की पोट घासतं आणि तो आवाज आपल्याच पोटात जातो. हायवेला लिटरमागे सतरा, ठाण्यात तेरा. मी सरासरी पंधरा धरतो.

मुंबई-गोवा महामार्गाचं वर्णन नव्याने करायची गरज नाही, ज्यांनी तो पाहिलाय त्यांना माहीत आहे. कोलाड सोडल्यावर इंदापूरच्या अलीकडे पाण्याने भरलेला एक खड्डा मला सपाट रस्ता वाटला. डावं पुढचं चाक आत गेलं, स्टिअरिंग हातातून सुटल्यासारखं झालं आणि गाडी उजवीकडे सरकली. समोरून ट्रेलर येत होता. त्याने हॉर्न दिला नाही, वेळच नव्हता. किती अंतराने वाचलो ते मी मोजलं नाही, मुलगा दीड फूट म्हणतो. पुढे पन्नास पावलांवर टायर बसला. भर पावसात स्टेपनी बदलताना एक दुचाकीवाला थांबला, जॅक लावायला वाकला. माझी बायको आतून ओरडली, "अहो, लांब व्हा त्यांच्यापासून, मास्क कुठंय तुमचा?"

ट्रेलरबद्दल ती तेव्हा एक शब्द बोलली नाही. नंतरही नाही. गावी पोचल्यावर आईला सांगताना प्रवासातली काळजीची गोष्ट म्हणून तिने त्या दुचाकीवाल्याचं नाव घेतलं. मीही तेच केलं, तिला काय बोलू? रस्ता आमच्या ओळखीचा होता, तिथलं मरण ओळखीचं. माझ्या बावीस वर्षांच्या फायली त्या ओळखीपुढे काही कामाच्या नव्हत्या. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२० या वर्षात देशात रस्त्यांवर १,३१,७१४ माणसं गेल्याची नोंद आहे, तेही कित्येक आठवडे रस्ते ओस पडलेल्या वर्षात. त्याच वर्षअखेरपर्यंत कोरोनाच्या मृत्यूंचा सरकारी आकडा दीड लाखाच्या किंचित आत होता. दुसरा आकडा कमी नोंदला गेला हे मान्य, आणि दोन्ही एकाच तागडीत घालू नयेत हेही मान्य, कारण रस्त्यावरचा अपघात घरी येऊन आईला लागत नाही. पण एकाची भीती मला झोपू देत नव्हती आणि दुसऱ्याची पहाटे साडेचारला उठून मी चावी फिरवली, हे नोंदवून ठेवतो.

मुलाने नंतर मला गेर्ड गिगेरेंझर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं एक काम वाचायला दिलं. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत बऱ्याच लोकांनी विमान सोडून मोटार धरली आणि त्यापायी पुढच्या वर्षभरात रस्त्यांवर नेहमीपेक्षा साधारण दीड हजार माणसं जास्त गेली, असा त्यांचा हिशेब आहे. एकदम, एका ठिकाणी, आपल्या हातात काही नसताना येणाऱ्या मरणाला माणूस जास्त भितो. मी वाचलं आणि मुलाला म्हटलं, हे आमच्या ऑफिसात कुणीही चहा पिताना सांगितलं असतं. तो म्हणाला, "मग बाबा, गाडी का घेतलीत?"

कशेडीच्या तपासणी नाक्यावर दीड तास रांग होती. कपाळावर थर्मल गन, नाव, गाव, पास, फोन नंबर. माझं तापमान पंच्याण्णव अंश फॅरनहाइट आलं. तपासणाऱ्या मुलाने पुन्हा घेतलं, पुन्हा पंच्याण्णव. "काका, एसी लावून आलात का?" म्हणाला आणि सोडलं.

वाडीच्या तोंडाशी बांबू आडवा होता.

हा भाग मी गाडी घेताना धरलाच नव्हता. मी एसटीला भीत होतो, आणि गाव मला भीत होतं. लाल गाडी, एमएच-०४ ची पाटी. ठाणे म्हणजे तेव्हा टीव्हीवर रोज दिसणारं नाव. एसटीतून उतरून कुणी पिशवी घेऊन पायवाटेने आलं असतं तर तो अमक्याचा मुलगा, तमकीचा जावई असता. मी मात्र नंबरप्लेट होतो. ज्या पोरांना दर मे महिन्यात मी गोळ्या वाटतो ती पोरं गाडी बघून पडवीत पळाली. ग्राम कृती दलाचे तिघे आले, त्यातला एक माझा शाळेतला सोबती, दहा फुटांवरून बोलला. आईला आधीच चुलत्यांकडे हलवलं होतं. घर आम्हांला, विहीर सकाळी सहाच्या आधी, जेवणाचं सामान गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, ठेवलं जाईल, दहा दिवस गाडी जागची हलवायची नाही. मला तेव्हा राग आला. आज येत नाही. त्यांनीही शेजारी कोण येऊन बसतंय हेच पाहिलं होतं.

त्या वर्षी गणपती दोन फुटांच्या आतला, आरती ज्याच्या त्याच्या घरात. भजनाची बारी नाही. आईने चुलत्यांच्या पडवीतून घंटा ऐकली.

चुलतभाऊ आमच्या मागून ११ तारखेला एसटीने आला होता, कुटुंबातली पाच माणसं. पाचही ठणठणीत. गडग्यापलीकडून मला म्हणाला, "भाऊ, गाडीला एक काच लागत नव्हती. महाडपासून सगळे भिजत आलो." हे वाक्य मी तेव्हा त्याच्या कुरकुरीच्या खात्यात टाकलं. त्याची किंमत मला फेब्रुवारीत कळली.

फेब्रुवारीकडे जाण्याआधी आमच्या सोसायटीचं सांगतो, कारण भीतीपायी प्रवास बदलणारा मी एकटा नव्हतो. २५ मे २०२० ला देशांतर्गत विमानं सुरू झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी जूनमध्ये नागपूरला वडिलांकडे जाऊन आल्या, तोंडावर ती पारदर्शक ढाल लावून, मधली सीट मिळाली म्हणून वर पांढरा झगा घालून. परतल्यावर चौदा दिवस त्यांचा कचरासुद्धा कुणी उचलेना. जणू विमान म्हणजे रोगाची पेटी. वास्तविक विमानाच्या केबिनमधली हवा दोन-तीन मिनिटांत बदलते आणि हेपा फिल्टरमधून गाळून येते. विमानतळावरच्या रांगा आणि टॅक्सी यांचं वेगळं, पण आमच्या लिफ्टमध्ये फिल्टर कुठला? नाक्यावरच्या भाजीच्या गर्दीत कुठला? ज्यांनी वहिनींचा कचरा उचलू दिला नाही ते दोघे मी स्वतः एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून कोथिंबीर निवडताना पाहिलेत.

दुसरे आमच्या ऑफिसातले निवृत्त गृहस्थ. रेल्वेने मार्च २०२० मध्ये वातानुकूलित डब्यांतली चादर, ब्लँकेट आणि पडदे बंद केले, ते थेट मार्च २०२२ मध्ये परत सुरू करायचं ठरवलं. हे गृहस्थ त्याआधी वर्षानुवर्षं तीच चादर अंगावर घेऊन दिल्लीला जायचे. बंद झाल्यावर त्यांची खात्री पटली की, रोग चादरीतच असतो. परत मिळू लागल्यावर पटलं की, गेला. रोगाचा अंदाज आपण रोगावरून थोडाच बांधतो? रांगेत आखलेल्या पांढऱ्या वर्तुळावरून, टॅक्सीत मागे-पुढे लावलेल्या प्लास्टिकच्या पडद्यावरून बांधतो. जिथे दोरी बांधलीय तिथे धोका. जिथे नाही, तिथे आपलं घर.

मीही तेच करत होतो. दर फेरीनंतर स्टिअरिंग, गिअर, दारांच्या कड्या, सीटबेल्टची बक्कल, सगळं सॅनिटायझरने पुसायचो. त्याने स्टिअरिंगचं कव्हर विरघळून चिकट झालं, गिअरच्या मुठीवरचे आकडे गेले. ग्राहकांनी नोंद घ्यावी: या गाडीचा रिव्हर्स कुठे आहे हे मुठीवर वाचता येत नाही, सांगावं लागतं. डॅशबोर्डवर सॅनिटायझरची बाटली ठेवायला मी एक प्लास्टिकचं कडं चिकटवलं होतं, ते अजून आहे. निघत नाही.

तर फेब्रुवारी २०२१. देशात रोजचे रुग्ण दहा-अकरा हजारांवर आले होते, सप्टेंबरात तेच सत्त्याण्णव हजारांच्या पुढे गेले होते. १ फेब्रुवारीपासून मुंबईची लोकल सर्वांना ठरावीक वेळेत खुली झाली. भीती अंगावरून ओल्या स्वेटरसारखी उतरली होती. चिपळूणला हिच्या मावसभावाच्या मुलीचं लग्न, पन्नास माणसांचं. आम्ही दोघं आणि पनवेलहून साडू आणि मेहुणी, असे चौघे माझ्या गाडीतून निघालो. साडूंनी स्वतः सांगितलं, "एसटीबिसटी नको, आपली गाडी आहे ना." आपली गाडी, आपली माणसं. चौघांच्याही तोंडावरचे मास्क पळस्प्याच्या आधी उतरले.

रस्त्याचं काम चालू, धूळ उडत होती. मी काचा बंद केल्या, एसी लावला आणि ते बटण दाबलं. ज्यावर गाडीचं चित्र आणि आत गोल वळलेला बाण असतो ते. त्याचा अर्थ मला तेव्हा एवढाच माहीत होता की, बाहेरची धूळ येत नाही आणि गाडी लवकर गार होते. त्याचा दुसरा अर्थ असा की, आतलीच हवा फिरत राहते. चौघांनी सोडलेली, चौघांनी घेतलेली, पाच तास. साडू वाकणच्या पुढे खोकले. म्हणाले, काल आइस्क्रीम खाल्लं.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी साडूंना ताप, पाचव्या दिवशी आम्हां तिघांना. साडू आणि बायका घरी बऱ्या झाल्या. माझा एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या स्कॅनचा, स्कोअर पंचवीसपैकी नऊ आला, साखर चारशेवर गेली, आणि मी अकरा दिवस एका रुग्णालयात काढले, त्यातले चार ऑक्सिजनवर. लग्नातल्या बाकी कुणाला काही झाल्याचं कळलं नाही. विम्याच्या भाषेत ज्याला निकट कारण म्हणतात ते सिद्ध करायला मला पुरावा अपुरा आहे, हॉलमध्येही लागण झाली असेल. पण दावा माझ्या टेबलावर आला असता तर मी तो बटणाच्या नावे मंजूर केला असता.

खाटेवर पडल्या पडल्या मला चुलतभावाचं वाक्य आठवलं. गाडीला एक काच लागत नव्हती. दोन लाख पंधरा हजार रुपये देऊन मी एसटीची भंगार खिडकी टाळली होती, आणि त्या ऑगस्टमध्ये त्या पाच जणांसाठी सगळ्यात चांगली गोष्ट तीच होती. तोंडाला मास्क, कारण शेजारी परका. सणसणीत वारा, कारण खिडकी मोडकी. माझ्या गाडीत परकं कुणी नव्हतं, म्हणून मास्क नव्हता. खिडक्या उत्तम होत्या, म्हणून वारा नव्हता.

या गाडीच्या बाजूने बोलायचं तर ते इथून पुढचं. मार्चअखेरीस बरा झाल्यावर आम्ही गावी गेलो आणि पाऊस लागेपर्यंत राहिलो. दुसरी लाट चढत होती, मेच्या सुरुवातीला दिवसाला चार लाखांवर रुग्ण. वाडीत गाडी एकच, माझी. प्राथमिक आरोग्य केंद्र नऊ किलोमीटरवर. आईपासून सुरुवात झाली, मग चुलती, मग शेजारचे आजोबा. दीड महिन्यात सव्वीस म्हातारी माणसं मी लशीला नेऊन आणली, एका वेळी दोन. चारही काचा खाली, एसी बंद, सगळ्यांच्या तोंडाला मास्क, गाडीत बोलायचं नाही. एक आजी म्हणाल्या, "अरे, केस उडतायत माझे." उडू देत म्हटलं. ज्या पोरांनी ऑगस्टमध्ये मला बघून पळ काढला होता ती आता गाडी धुवायला यायची. बांबू कधी काढला कुणी पाहिलं नाही. एमएच-०४ ची पाटी तीच होती. एका रात्री दोन वाजता शेजारच्या वाडीतल्या सुनेला लांज्याला नेलं, तेव्हा घाईत माझ्या मास्कची आठवण कुणाला राहिली नाही, मलाही नाही. मुलगा झाला.

म्हणजे ज्यासाठी घेतली त्या कामाला गाडी उपयोगी पडली नाही, ज्यासाठी घेतली नव्हती त्या कामाला पडली. तारे किती द्यायचे?

भीती गेली तशी गाडीही उभी राहू लागली. २९ मे २०२१ ला मुंबईत पेट्रोल शंभरावर गेलं. पंधरा ऑगस्टपासून दोन डोस झालेल्यांना लोकलचा पास मिळू लागला. माझा दुसरा डोस सप्टेंबरात झाला आणि चौदा दिवस मोजून मी पास काढला. जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉनने रोजचे रुग्ण पुन्हा साडेतीन लाखांच्या घरात नेले, म्हणजे मी ज्या ऑगस्टमध्ये थरथरत निघालो होतो त्याच्या पाचपट. त्याच महिन्यात आम्ही गणपतीपुळ्याला गेलो तर पार्किंगला जागा नव्हती. लस झाली होती, आजार सौम्य होता, लोकांनी वेडेपणा केला असं मी म्हणणार नाही. पण त्या गर्दीतल्या एकानेही त्या दिवसाचा आकडा बघून घर सोडलं असेल असं मला वाटत नाही. आम्हीही बघितला नव्हता. आम्ही कंटाळलो होतो.

उभ्या गाडीला उंदीर लागतात, हे कुणी सांगत नाही. आमच्या पार्किंगमधल्या उंदरांनी दोनदा वायरिंग कुरतडलं. दोन बॅटऱ्या, चार टायर, क्लच प्लेट, एसीचा गॅस, परवा लावलेली एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरची पाटी, असं सगळं मिळून पाच वर्षांत बासष्ट हजार. विमा बावीस हजार, त्यात सुरुवातीचा थर्ड पार्टी हप्ता २,०७२ रुपये, तो तेवढा मला पाठ असायचाच. एकवीस हजार किलोमीटरला चौदाशे लिटर पेट्रोल, एक लाख पंचेचाळीस हजार. आता मी नव्वद हजार मागतोय, ते मिळाले तर घेतल्या किमतीतले सव्वा लाख गेले. बेरीज साडेतीन लाखांवर, म्हणजे किलोमीटरला जवळपास सतरा रुपये. एवढ्यात रोज टॅक्सी केली असती, असं मुलगा म्हणतो. त्या ऑगस्टमध्ये कोण टॅक्सीवाला आला असता, ते तो सांगत नाही.

यंदा गणपतीला आम्ही एसटीने गेलो. मला पासष्ट उलटल्यामुळे अर्धं तिकीट, हिला मार्च २०२३ पासून महिलांना आहे ते अर्धं. दोघांत मिळून एक तिकीट. कशेडीला आता बोगदा आहे. शेजारी एक अनोळखी गृहस्थ बसले होते, चिपळूणपर्यंत माझ्या खांद्यावर झोपले. खिडकीची काच लागत नव्हती. मी ती लावायचा प्रयत्न केला नाही, ही म्हणाली, "पाऊस येतोय, अहो, बघा की जरा."

कुणी घ्यावी ही गाडी? ज्याला शहरात दहा-पंधरा किलोमीटर जायचं आहे, ज्याच्या पार्किंगला मांजर आहे, आणि ज्याला नवी गाडी घेऊन पहिला ओरखडा सहन होणार नाही, त्याने जरूर घ्यावी. इंजिन निरोगी आहे. नोंदणी २०२८ पर्यंत, मग नूतनीकरण करावं लागेल. घाटात संयम ठेवा, पाखाडीला उतरून आधी पायाने अंदाज घ्या. आणि ते गोल बाणाचं बटण गरज असेल तेवढंच दाबा, आत पाहुणे असतील तर तिरप्या समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या ठेवा.

गेल्या रविवारी कळव्याहून एक जोडपं गाडी बघायला आलं, पंचविशीतलं, पहिलीच गाडी. मुलाने बॉनेट उघडून उगाच आत पाहिलं, मुलीने सीटवर बसून आरसा खाली केला. मग डॅशबोर्डवरच्या त्या कड्याला बोट लावून तिने विचारलं, "काका, हे कशाला आहे? मोबाईलला तर मोठं होतंय."

"पाण्याच्या बाटलीला," मी म्हटलं. नव्वदचे पंच्याऐंशी करा म्हणाले. विचार करून सांगतो म्हटलंय.